आपोआप व्हते म्हणे

...न्हाई, तुमी हसू नका, तुमाला सांगतो, सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण न्हाई, अन् तो पुण्याचा इंजिनियर फोनवर म्हणतो कसा, "सर, तुम्ही निवांत चहा घ्या." आपोआप व्हते म्हणे.

कळमनुरी रोडला आमच्या अन्सारशेठचं हळदीचं गोदाम. कोणाची हळद कोणत्या थप्पीत, ते सारं एका जुन्या सर्व्हरच्या पोटात, अन् ते सांभाळणारा मी, शिवहार. शेठनं जोडीला नवी मशीन आणली. तिच्यात सिस्टम टाकायची, तर पुण्यावाला म्हणे, "सीडी नको, पेनड्राइव्ह नको. आमच्याकडून नेटवर्कवरून उतरेल. कोणाला काही विचारत नाही, जुनं पुसतं, नवं टाकतं. फक्त मशीन चालू होताना आधी नेटवर्क बघेल, मग स्वतःची डिस्क, असं सेटिंग ठेवा."

ठेवलं. तेवढ्यात शेठ दारातून म्हणले, "शिवहार, दोनो मशीन बराबर कर बेटा." आता बराबर म्हणजे काय, सांगा? ते म्हणून राहिले नीट कर, अन् मी समजलो सारखी कर. दोन लेकरांत दुजाभाव काहून करावा म्हणून जुनीलाबी तेच सेटिंग केलं. तवा पुण्याहून उतरणं चालू झालं नव्हतं, म्हणून जुनी गुमान उठली अन् कामाला लागली.

मंग पुण्याहून चालू झालं. नवी मशीन भराभरा भरली, संपली, बंद होऊन पुन्हा चालू झाली... अन् पहिल्यापासून पुसायला लागली. काहून? तर आधी नेटवर्क. भरते, उठते, पुसते, भरते, उठते, पुसते. मला हसू आलं, अन् एकाएकी जुनीकडं पाहिलं. अहो, तेच सेटिंग जुनीला हाय की. ती चालू हाय तवर जिती. एकदा का बंद होऊन उठली, तर साऱ्या गावांची हळद कोणाची, ते मलाबी सांगता येणार न्हाई अन् शेठलाबी. विचारतच न्हाई ना कोणाला. आपोआप व्हते म्हणे.

पुण्याला फोन लावला. "सर मीटिंगमध्ये आहेत." जुनीची नेटवर्कची वायर काढावी, तर भायेर ट्रॅक्टरांची रांग, वजनाचा काटा त्याच वायरीवर, तो बंद पडते, लोक मलाच काट्यावर ठेवतील. लाईट गेल्यावर मशीन चालू ठेवणारी बॅटरी? ती कधीचीच मेली. आता फक्त लाईट जाऊ नये, एवढंच नरसीच्या नामदेवबाबाला म्हणलं.

अन् लाईट गेली.

अंधारात चाचपून दोन्ही मशिनींच्या नेटवर्कच्या वायरी उपटल्या. लाईट आली. जुनी उठली, नेटवर्क शोधलं, मिळालं न्हाई, अन् डिस्कवरून चालू झाली. सारी थप्पी जशीच्या तशी. मी खालीच बसलो, डोळ्यात पाणी, खोटं कशाला सांगू.

मांग वळून पाहतो तर नवी पुसून राहिली. झाडणाऱ्या रूपाबाई म्हणतात, "भाऊ, वायर निघाली व्हती बघा, म्या लावून देली."

तवापासून हा असा, जुनीची वायर कोणी लावू नये म्हणून हातात धरून. आता शेठ आले, म्हणले, "शिवहार, सगळं आपोआप होते ना रे? मंग तू काहून बसला?"

म्हणलं, शेठ, आपोआप व्हते म्हणूनच बसलो.