माणिकनं धरून दिलेली जागा

बसा, बसा. मला बघून कुणी उठू नका. एवढी माणसं या समाजमंदिरात लग्नालाबी जमत न्हाईत. भालकीहून आलेत, औरादहून आलेत. आपले जीपवाले तर झाडून सगळे आलेत. म्हणजे आज रस्त्यावर एक जीप न्हाई. माणिक असता तर आधी त्याच्यावरच बोंबलला असता.

मला बोलायला उभं केलंय खरं, पण लई अवघड हाय. माझ्यापेक्षा लहान माणूस. माझ्यासाठी त्यानं इथं उभं राहून बोलायचं, तर उलटं झालं. सरू, तू समोर बसलीस. तुझ्याकडं बघितलं की पदर डोळ्याला जातो, आन् तुझ्या नवऱ्याची आठवण काढली की हसू यायलंय. मी तरी काय करू? जे येईल ते येऊ द्या.

बाहेरगावच्यांसाठी सांगते. माणिक म्हणजे आपल्या स्टँडसमोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला माणिक. खटकचिंचोळीहून उदगीरला जाणाऱ्या जीपांची वेबसाइट त्यानं केली. घरी बसून मोबाइलवर बोट दाबायचं, जीपमधी जागा मिळायची. चांगलंच व्हतं की. पण पहिल्यांदा तिच्यावर शब्द असे, जणू तहसीलदारानंच लिहिलेत. मी शिकलेली दुसरी. मराठी वाचते, पण खड्ड्यातनं बैलगाडी गेल्यासारखी.

तवा माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घरात नात नुकतीच जन्मलेली. सगळे म्हणायचे, आज्जीवर गेलीय. मला मांडीवर नुसतं धुकं दिसायचं. उदगीरच्या दवाखान्यानं ऑपरेशनची तारीख दिली. सुनेनं मोबाइलची अक्षरं मोठी करून दिली. पहिल्याच पानावर लिहिलेलं, 'आरक्षण करा'. मी दाबलं. झालं म्हणून मोबाइल उशाला ठेवला.

सकाळी गठुडं घेऊन स्टँडवर. बाबूमियाँची जीप आली, गच्च भरलेली. त्यानं मोबाइल बघितला आन् म्हणला, आज्जी, तुमचं नाव न्हाई. मी म्हणलं, कामून न्हाई? बटण दाबलंय मी. बिचारा तो तरी काय करणार? जीप गेली. तारीख गेली. घरी येऊन नातीला मांडीवर घेतलं, आन् धुकंच बघत बसले.

संध्याकाळी माणिक दारात. बाबूमियाँनंच सांगितलं असंल त्याला. मला वाटलं, माफी मागंल, मी चार शिव्या देईन, च्या पिऊन जाईल. त्यानं पायरीवर बूड टेकलं, मोबाइल माझ्या हातात दिला आन् म्हणला, आज्जी, काल केलंस तसंच परत करून दाखव. मी काही बोलणार न्हाई. आन् खरंच बोलला न्हाई. सरू, हसलीस? माणिक आन् गप्प, तुलाबी खरं वाटत न्हाई ना.

मी 'आरक्षण करा' दाबलं. तवा कुठं त्यानं इचारलं, आता काय झालं? मी म्हणलं, जागा धरली. तर कुठली! मोबाइल आत्ता कुठं इचारायलाय, कुठली जीप पाहिजे. पुढं आलं, 'नोंद निश्चित करा'. मला वाटलं, ही सातबाऱ्याची नोंद असंल, आपलं काय काम? त्याच्या पुढं, 'सादर करा'. मी म्हणलं, काय सादर करू? मी काय शाळेच्या गॅदरिंगला उभी हाय? काम एक, नावं तीन. मला वाटलं, तीन कामं हायत.

माणिक म्हणला, 'जागा धरली' कुठनं आणलंस? मी म्हणलं, अरे, भालकीच्या स्टँडवर कधी चढला न्हाईस का? आमचे हे असताना लातूरची गाडी लागली की पब्लिक दाराकडं पळायचं, आन् हे खिडकीकडं. खिडकीतनं दस्ती सीटवर टाकायची. रुमाल पडला की जागा आपली. मग कितीबी मोठा पैलवान येऊ द्या, दस्ती उचलायची न्हाई. भांडणं कशावरनंबी व्हायची, पण दस्तीवरनं न्हाई. एकदा ह्यांच्याकडं दस्ती नव्हती, तर डोक्यावरची टोपी टाकली. टोपी लातूरला गेली, आम्ही खालीच. ते असू द्या.

माणिक पायरीवरनं उठला, च्या न पिता गेला. दुसऱ्या दिवशी सगळीकडं एकच. 'जागा धरा'. दाबून झालं की खाली, 'जागा धरली'. मेसेजमधी तेच, जीपच्या काचेवर तेच. आन् जायचं न्हाई त्याला, 'जागा सोडा'. आधी तिथं काय गंमत व्हती ठाऊक हाय? 'रद्द करा' दाबलं की इचारायचं, रद्द करायचं का? खाली दोन बटणं, 'रद्द' आन् 'ठीक'. आता सांगा, रद्दचं रद्द म्हणजे जायचं का न्हाई जायचं? माणिकनं लिहिलं, 'जागा सोडा' आन् 'जागा राहू द्या'. संपलं.

मला लई चेव आला. मी रोज दुकानात जाऊन नवे शब्द सांगायले. म्हणलं, 'या बाई, बसा' लिही, गोड वाटंल. त्यानं ऐकलं न्हाई. म्हणला, त्यावरनं जागा धरली का जीप आली, काय कळंल? म्हणलं, मग एखाद्या पानावर तरी 'दस्ती टाका' लिही. तवा तो जे बोलला ते मी विसरणार न्हाई. "आज्जी, मला माय माणिक म्हणती, सरू 'अवो' म्हणती, तू 'माणक्या' म्हणतीस. मी तिघींनाबी ओ देतो. बटणाला तसं चालत न्हाई. त्याला एकच नाव पाहिजे, आन् जे नाव तेच काम."

जीपवाल्यांनो, तुम्ही तवा म्हणलात, हे गावंढळ दिसतं, आरक्षण कसं सरकारी, भारदस्त दिसतं. त्यानं भांडण केलं न्हाई. एवढंच म्हणला, घरी जाऊन आपापल्या मायला दाबायला लावा. दुसऱ्या दिवशी तुम्हीच म्हणलात, 'जागा धरा'च राहू द्या. बाबूमियाँला तर त्यानं फोनवरबी 'जागा धरली'च म्हणायला लावलं. बाबूमियाँ वैतागला. "अण्णा, घर में अम्मी से भी ऐसाइच बोलूँ क्या?" माणिक म्हणला, बोलो.

आन् मी जागा धरली बरं का! एकटीनं! दवाखान्यानं दुसरी तारीख दिली, जीपमधी बसले, एक डोळा झाला. पट्टी काढली, घरी आले, नातीला मांडीवर घेतलं. हनुवटीला खळी हाय तिच्या. माझ्यासारखी. कुणी सांगितलंच नव्हतं मला!

आता मन लावून ऐका. माणिकच्या दुकानातल्या पोरांनी नव्या वेबसाइटचा नमुना परवा सगळ्यांना दाखवला. रंग झकास हायत. पण एका पानावर बुकिंग, दुसऱ्यावर आरक्षण, तिसऱ्यावर नोंदणी. पोरांनो, रंग बदला, चित्रं बदला, जीपला पंख लावा. माणिकचे शब्द तेवढे राहू द्या. माझा एक डोळा अजून राहिलाय. आन् माझ्यासारख्या म्हाताऱ्या गावोगाव बसल्यात, त्यांना दरवेळी पायरीवर बसून बघणारा माणिक आता येणार न्हाई.

मला आत्ता उत्तर नको. सगळे उठा, गुडघे दुखणाऱ्यांनी बसूनच राहा. जरा वेळ आपण गप्प राहू. जीपवाल्यांनो, तेवढ्यात तुम्ही इचार करा.

माणक्या, ही माझी दस्ती तुझ्या फोटोपाशी ठेवते. तू आमच्या आधीच्या गाडीनं गेलास. तिथंबी गर्दी असंल. खिडकीतनं टाक आन् माझी जागा धर. घाई न्हाई रे, दुसरा डोळा करायचाय, नातीचं लग्न बघायचंय.

पण जागा सोडू नको.