पितळी पाटीची मागची बाजू

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन बसू या. चोरीची वस्तू देवाला वाहिली, तर ती पवित्र होते, की देव चोरीत वाटेकरी होतो? लगेच माना हलवू नका. आधी ऐका.

माझं लग्न होऊन मी खडकेवाडीला आले, तेव्हाची ही गोष्ट. ओढ्याकाठी फौजेतल्या नाईक केसू मोहित्यांची समाधी होती. एकाहत्तरच्या लढाईत गेले. घरी आल्या त्या अस्थीच. समाधीच्या दगडावर त्यांच्या पलटणीनं पितळी पाटी बसवली होती. नंबर, नाव, तारीख. त्यांची बायको चंद्राबाई दर अमावास्येला चिंच आणि राख घेऊन जायची नि ती पाटी घासायची. तिला वाचता येत नव्हतं. पण कुठली रेघ खाली उतरते, कुठली वळते, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं.

एकदा ती लेकीच्या बाळंतपणाला गेली. महिन्यानं परतली, तर दगडावर स्क्रूची चार भोकं! लोक म्हणाले, एव्हाना वितळली असेल, सोड आता. ती पुढची दोन वर्षं त्या भोकांनाच फुलं वाहत राहिली.

त्याच सुमारास तालुक्याच्या माणिकशेट कासारांनी आमच्या भैरोबाच्या देवळाला पितळी पाटी दिली — 'आई कै. रखमाबाई यांच्या स्मरणार्थ'. गाभाऱ्याच्या दाराशेजारी बसवली, पेढे वाटले. देवळात देव दिसायच्या आधी देणगीदार दिसतो, हे मी तुम्हाला काय सांगायचं? हसा, हसा. तुमच्या मागच्या खांबावरही आहे एक.

नवरात्राआधी आम्ही बायका देवळातलं पितळ घासायला बसलो. गुरवानं ती पाटीही काढून दिली. चंद्राबाईच्या वाट्याला आली. तिनं पुढची बाजू घासली, पाटी उलटी केली — आणि हात थांबला. मी शेजारीच होते. तिनं डोळे मिटून बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "सूनबाई, वाच गं."

मी वाचलं. नंबर, नाव, तारीख.

देवस्थानचे पंच जमले. माणिकशेटना बोलावणं गेलं. एक पंच म्हणाला, देवाला वाहिलेलं परत घेता येत नाही. दुसरा म्हणाला, कौल लावू.

चंद्राबाई म्हणाली, "देवाला कशाला कोड्यात टाकताय? घेताना त्याला कुणी इचारलं न्हवतं. शेटना इचारा."

शेट खरं बोलले. पाटी मोडीत आली होती. नाव दिसलं होतं. पत्रा जाड, मागची बाजू कोरी. आईसाठी बरा वाटला. "बाई, मोडीतल्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं तरी नाव असतं. नावं विचारत बसलो तर दुकान बंद करावं लागेल."

"भांडं मोडलं तर माणूस दुसरं घेतो, शेट. त्यावर परत नाव घालतो. ह्यांचं नाव तेवढ्या पत्र्यावरच हुतं."

 शेट म्हणाले, कानस आणवतो, आईचं नाव आजच घासून टाकतो.  आईचं नाव, मंडळी!

चंद्राबाईनं पाटी पदराखाली घेतली. "न्हाई. नाव गेल्यावर उरलेली जागा कशी दिसती, ते मी दोन वर्सं बघितलंय. तुमच्या आईनं माझं काय बिघडवलंय?"

पाटी समाधीवर परत बसली. केसूंचं नाव वर, रखमाबाईंचं आत, दगडाकडे. स्क्रू शेटनी स्वतःच्या हातानं पिळले. तेव्हापासून आईच्या तिथीला ते एसटीनं यायचे आणि नारळ घेऊन ओढ्याकडे जायचे. आईला नमस्कार करायचा, तर आधी त्या जवानापुढं वाकावं लागायचं. आणि दुकानात मोड आली, की पहिल्यांदा नाव वाचायचे, मग विचारायचे — हे कोण?

देवळातली ती जागा रिकामीच राहिली. भैरोबाचं काही अडलं नाही.

आता तुम्ही घरी जाल. जुन्या बाजारातून स्वस्तात मिळालं म्हणून आणलेलं, नीट मांडून ठेवलेलं काहीतरी तुमच्याकडे असेल. आज ते उलटं करून बघा. नाव निघालं, तर त्याच्या माणसांचा पत्ता शोधा. पत्ता मिळाला, की नेऊन द्या — आणि देताना त्यांच्या तोंडाकडे बघा. देवाला काय आवडतं, ते तिथं कळेल. घ्या टाळ हातात.