पिंडर म्हणजे पिंडारी नव्हे

...नाही हो, पिंडारी नाही, पिंडर. सांगायचं तरी किती वेळा? तुम्हाला सांगतो, आमच्या कोरीटच्या बन्सीलाल गुरुजींनी छत्तीस वर्षं शाळेत शुद्धलेखन शिकवलं, पण माणूस एवढा कधी दमला नव्हता. त्यांची लेक चेतना इंग्लंडात नर्स. तिनं तिथल्याच ॲलन पिंडरशी लग्न केलं आणि मग घरी फोन केला... मग! तिच्या आईनं, निर्मलाबाईंनी, त्या दिवसापासून फोन हातात धरला नाही. चार महिने झाले. आणि गावाला पडलंय काय? आडनाव.

गुरुजींचे थोरले भाऊ ईश्वरआप्पा ओट्यावर बसून, आवाज खाली आणून, "बन्सी, पोर पिंडारीस्ना घर दिन्ही का तू? त्या ते गावं लुटेत." दूधवाला तेच. गुरुजी नंदुरबारला दाढीला बसले, तर न्हाव्यानं गळ्यावर वस्तरा थांबवून तेच. आता सांगायचं तरी किती वेळा?

शेवटी गुरुजींनी जावयालाच फोन लावला. होतं नव्हतं तेवढं इंग्रजी गोळा करून विचारलं, बाबा रे, तुझं आडनाव आलं कुठून? तो बिचारा खूश, तासभर बोलला. त्यांच्या जुन्या भाषेत पिंडन म्हणजे कोंडणं. दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गुरं धरायची, कोंडवाड्यात घालायची, मालक येऊन दंड भरेपर्यंत राखायची, हे काम करणारा तो पिंडर. शेकडो वर्षांपूर्वी कुणा खापरपणजोबानं ते केलं. काम गेलं, नाव चिकटलं.

गुरुजींनी हे ओट्यावर सांगितलं, तर आप्पांचं तोंड आणखीच उतरलं. "कोंडवाडावाला? त्यानापेक्षा पिंडारी बरा व्हता." आप्पांची म्हैस महिन्यातून दोनदा कोंडवाड्यात असते, त्यांचं दुःख वेगळं... सांगायचं तरी किती वेळा, आणि कुणाला?

पण आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. निर्मलाबाई दारात आल्या, हाताला पीठ तसंच.

"मालक लेवाले गया, ते सोडस का तो?"

"ढोरं सोडस," गुरुजी म्हणाले. "लेक कसी सोडी?"

"भेटू तरी देस ना?"

बाईंनी पदराला हात पुसले.

"मंग पासपोर्ट काढा. मन्हाबी."

झालं. आता या माणसाला एसटीत नवापूरपर्यंत बसवलं तरी उलटी होते, आणि तो विमानानं इंग्लंडला निघालाय. गुरुजी म्हणतात, विमानात पिशव्या देतात म्हणे... देऊ देत.