चिकटवलेली बॅटरी

कोहमाऱ्याच्या थांब्यावर माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या, नीतूच्या, मांडीवर तिनं स्वतः बनवलेला बिनतारी हेडफोन होता.

"नोकरी भेटत होती, आन् तू नाई म्हणून आली?"

"हो."

"काऊन?"

"कंपनीचा साहेब म्हणे, डिझाइन मस्त आहे, फक्त बॅटरी चिकटवून टाका."

"मंग चिकटवून द्याची!"

"चिकटवली का, बॅटरी गेल्यावर पूरा हेडफोन फेकावा लागते, माय. माह्यात बॅटरी, माइक, कानाची गादी, सारं काढून दुसरं लावता येते."

"एवढ्याशासाठी नोकरी सोडली?"

"तेवढंच तं नवं बनवलं मी."

"आखीन काय म्हणे तो?"

"म्हणे, तुमच्या गोंदियाकडं कोण दुरुस्त करून वापरते? तिकडचे लोक सस्तं घेतात आन् फेकतात."

"असं म्हणे? आपल्याले?"

"हो."

"फोन वाजून राहिला तुहा."

"त्याचाच आहे. मी नाई उचलत."

"दे इकडं."

"माय, राहू दे."

"दे म्हणते ना! हॅलो, साहेब? मी नीतूची माय बोलून राहिली. बॅटरी निघालीच पाहिजे. पटत असन तं बोला, नाई तं ठेवा."