वामनदादांचे सोवळ्यातले जहाज

चहा घेता घेता आमच्या वामनदादांच्या जहाजाचे ऐका. निजामाच्या राजवटीत आम्ही आष्टीला होतो. दादांनी हैदराबादेहून सुट्या तुकड्यांचे, घरी जोडायचे लाकडी जहाज आणले. त्याच्या शिडांचे कापड उंदरांनी कुरतडले, तेव्हा दादांनी नानांचे, म्हणजे वडिलांचे, पूजेचे जुने रेशमी सोवळे कापून नवी शिडे केली.

नाना देवासमोरून उठले आणि शांतपणे म्हणाले, "जहाज आता सोवळ्यात आलं. अंघोळीबिगर हात लावायचा न्हाई, बिलकुल!"

एकादशीलाही स्नान टाळणारे दादा माघाच्या थंडीत रोज पहाटे आडावर कुडकुडत न्हाऊ लागले. जहाज पुरे करायचेच होते.

शेवटचे शीड चढताच त्यांनी विचारले, "नाना, मंग आता पाण्यात सोडू?"

"राहू दे कोरडं. त्याच्यापायी तू रोज भिजून राह्यलास, तेवढं बस झालं!"