काऊन म्हन्लं म्हणून

"अवो, पिशवी मांडीवर घे ना! अर्धा बाक तिनंच धरला."

गोंदियाच्या त्या दवाखान्यात बाक एकच होता. शेजारच्या दोघी चुलतबहिणींचं बोलणं न ऐकण्याची रश्मीला सोयच नव्हती.

"डॉक्टर तुह्या नवऱ्याचा पाय कापाचा म्हन्ते, अन् तू नुसती मान हालवली, ओमेश्वरी?"

"मंग का करू?"

"काऊन कापता, एवढं तरी विचाराचं. शाळेत तं सवालावर सवाल करे तू."

"चौथीवरी."

"पाचवीचे गुरुजी तं देवमानूस होते. कोनाले छडी नाही मारली."

"छडी नाही मारली. मी 'का' नाही, 'काऊन' म्हन्लं, तं वर्गासमोर माही नक्कल केली. सारे हासले. तवापासून तोंडच उघडत नाही माहं."

"लहान होते सारे."

"पहिले तूच हासली, भूमेश्वरी."