पोचे काढलेलं इंजिन

न्यूरेंबर्गच्या खेळणी-दुरुस्तीच्या दुकानात वाल्बुर्गाबाई रांगेत उभ्या होत्या. पुढचे दोन साठीचे भाऊ पत्र्याच्या चकचकीत इंजिनावरून भांडत होते. आपण ऐकत नाही, असं दाखवायला बाई छताकडे बघत होत्या.

"कुणी सांगितलं होतं, एगॉन? पोचे काढलेस, वर रंगही फासलास!"

"पप्पांच्या नव्वदीची भेट होती, लोथार. तीन महिने खपलो."

"सहा वर्षं त्यांना दिसत नाही आणि हा रंग लावतोय!"

"मग काय गंजकं द्यायचं?"

"गाढवा, ते बोटांनी पोचे चाचपून ओळखायचे त्याला. धुराड्यामागचा आजीच्या लाटण्याचा. छपरावरचा लहानपणी पप्पांच्याच दातांचा. बॉम्ब पडत होते, तळघरात ओरडायचं नव्हतं, म्हणून चावले होते."

"मला काय माहीत?"

"विचारलंस कधी?"

त्यांचा नंबर आला.

"बोला, काय करायचंय?" दुकानदाराने विचारलं.

"दोन पोचे पाडून द्या," लोथार म्हणाला. "एक लाटण्याचा, एक नऊ वर्षांच्या मुलाच्या दातांचा."

"दातांचा नाही जमायचा."

"मी चावून पाहिलं," एगॉन म्हणाला. "कवळी तुटली."

"तुझं डोकं तुटायला हवं होतं!"

"अहो, 'हे तुमचंच इंजिन आहे' असं सांगा ना वडिलांना," न राहवून वाल्बुर्गाबाई मागून म्हणाल्या.

"रोज सांगतो," लोथार ओरडला. "ते म्हणतात, खोटं बोलू नका. हे ज्या पोराचं आहे ते रडत असेल, आधी त्याला नेऊन द्या."